बॅटरीवरचे ड्रिल मशीन घेताना



ऊस विकास खात्याच्या लेखात बेणे, खत, पाणी आणि हुमणी यांच्याविषयी वाचायची आपल्याला सवय आहे. या वेळचा विषय जरा वेगळा वाटेल, पण तो उसाच्या सरीतूनच निघालेला आहे. लागणीची तयारी सुरू झाली की गट कचेरीत ठिबकचे प्रश्न येऊ लागतात आणि अलीकडे त्यांच्याबरोबर आणखी एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, ते बॅटरीवरचं ड्रिल मशीन घ्यावं म्हणतोय. मोठ्या कंपनीचं परवडत नाही. हे दुसऱ्या नावाचं निम्म्या पैशात मिळतंय. घेऊ का?"

याला एका शब्दात हो किंवा नाही म्हणता येत नाही. लहान नावाची चांगली मशीन्स बाजारात आहेत आणि लहान नावाचा कचराही आहे. दोन्हींचा रंग सारखाच, पेटी सारखीच. म्हणून नावावर न जाता मशीनच कसे पारखावे, हे या लेखात सांगायचे आहे.

आधी गरज किती ते पाहू. एक एकर चौरस रान म्हणजे साधारण २०९ फूट बाय २०९ फूट. पाच फुटी सरीला एकेक लॅटरल धरली, तर एका बाजूने टाकलेल्या सबमेनवर ४२ भोके पडतात. सबमेन मधून नेऊन दोन्ही अंगांना नळ्या काढल्या की ८४. तीन एकरवाल्याला सव्वाशे ते अडीचशे भोके पाडायची आहेत आणि ती सगळी एकाच मापाची, गोल आणि स्वच्छ हवीत. भोक वेडेवाकडे झाले की ग्रोमेट नीट बसत नाही आणि ग्रोमेट बसला नाही की गळती. ती गळती एकदा मातीखाली गेली की पुढचे पंधरा-सोळा महिने त्या जागी ऊस पाण्यात उभा राहतो आणि सरीच्या टोकाचा ऊस तहानेने बारीक राहतो.

आता रानात वीज कुठली? शेतीची लाइन थ्री-फेज, ती पाळीने येते, कधी दिवसा तर कधी मध्यरात्री. मग काही ठिकाणी काय करतात, तर मोटरपेटीतून एक फेज काढायचा, दुसरी वायर अर्थिंगला जोडायची आणि साध्या विजेचे ड्रिल चालवायचे. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि दरवेळी तिथल्या तिथे बंद करायला लावले आहे. अर्थिंगची पट्टी गंजलेली किंवा जमीन कोरडी असेल, तर तो करंट स्टार्टरच्या लोखंडी पेटीवर येतो, मोटरच्या पाईपवर येतो. ओल्या सरीत उघड्या पायांनी उभ्या असलेल्या माणसाला एवढे पुष्कळ झाले. अठरा व्होल्टच्या बॅटरीला हा धोका नाही. माझ्या मते बॅटरीवरचे मशीन रानासाठी घेण्याचे खरे कारण हेच आहे, बाकीची सोय नंतर.

उलट ज्यांना फक्त घरात, गोठ्यात, भिंतीला खुंट्या ठोकायला मशीन हवे आहे आणि घरात वीज आहे, त्यांनी बॅटरीच्या नादी लागूच नये. वायरचे हॅमर ड्रिल कमी पैशात येते, जोर जास्त असतो आणि त्यात मरायला बॅटरी नसते.

हे यंत्र आले कुठून?

आपल्याकडे सुताराचा सामता आणि गिरमिट पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. विजेवरचे ड्रिल प्रथम १८८९ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे झाले आणि हातात धरण्याजोगे १८९५ मध्ये जर्मनीत फाइन या कंपनीने केले. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा खटका ही ठेवण अमेरिकेतल्या ब्लॅक अँड डेकरची. त्याच कंपनीने १९६१ मध्ये बॅटरीवरचे ड्रिल बाजारात आणले. पुढे १९७१ आणि १९७२ मध्ये अपोलो १५, १६ आणि १७ च्या अंतराळवीरांनी चंद्राची जमीन भोसकली, तीही बॅटरीवरच्या ड्रिलनेच. तिथे कुठला खांब आणि कुठली लाइन!

त्या जुन्या बॅटऱ्या निकेल-कॅडमियमच्या. जड, आणि पडून राहिल्या की आपोआप उतरणाऱ्या. १९९१ मध्ये सोनी कंपनीने लिथियम-आयन सेल विक्रीला आणला आणि २००५ च्या सुमारास तो हत्यारांत शिरला. आज आपल्या हातात येणारे बहुतेक स्वस्त संच लिथियमचेच आहेत. फवारणी पंपातली शिशाची बॅटरी आपण ओळखतो, १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची, दोन किलोच्या वर वजन. लिथियमची जात हलकी आणि जोरकस, पण तिचे लाड वेगळे. ते पुढे येतीलच.

व्होल्टचे आकडे

दुकानात गेल्यावर पहिला गोंधळ इथे होतो. एका पेटीवर १८ व्होल्ट, दुसरीवर २०, तिसरीवर २१. गिऱ्हाईक म्हणते, एकवीसवालेच द्या, जोर जास्त. प्रत्यक्षात तिन्ही एकच आहेत. लिथियमच्या एका सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट आणि पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट. पाच सेल एकापुढे एक जोडले की सरासरीने १८ आणि भरल्या क्षणी २१. कुणी सरासरी छापतो, कुणी शिगोशीग भरलेला आकडा छापतो. तसेच बारा व्होल्टच्या मशीनमध्ये तीन सेल असतात, सरासरी १०.८ आणि भरल्यावर १२.६.

इथवर ठीक आहे, शेतकऱ्याने एवढे समजून घेतले की पुरे. पण काही पेट्यांवर ४८, ८८, अगदी १२८ असे आकडे असतात आणि पुढे 'व्हीएफ' असे काहीतरी लिहिलेले असते. तो व्होल्टचा आकडा नव्हेच. आत तेच पाच सेल, कधी त्याहून कमी. असा आकडा पेटीवर दिसला की ती पेटी तिथेच ठेवावी. ज्याने पेटीवर पहिल्याच ओळीत थाप मारली, त्याने आतल्या सेलमध्ये प्रामाणिकपणा केला असेल असे मानायला मी तयार नाही.

व्होल्ट म्हणजे जोराचा अंदाज झाला. टाकीत पाणी किती, हे अँपिअर-अवरवरून कळते. दोन्हींचा गुणाकार केला की वॅट-अवर येतात. १८ व्होल्ट आणि १.५ अँपिअर-अवर म्हणजे २७ वॅट-अवर. हा वॅट-अवरचा आकडा बॅटरीच्या पोटावर बारीक अक्षरात शोधावा. तिथे खोटे लिहिण्याचे प्रमाण कमी असते, कारण ते कुणी वाचत नाही असे त्यांना वाटते!

सबमेनच्या कामाला एवढी बॅटरी पुरते का? पीव्हीसीची भिंत दोन-तीन मिलिमीटर जाड. एका भोकाला सहा सेकंद धरा आणि त्या वेळात मशीन २०० वॅट खाते असे जास्तीत जास्त धरा. ४२ भोकांना १४ वॅट-अवर होतात, म्हणजे एका लहान बॅटरीचा अर्धा घास. तेव्हा ठिबकसाठी चार अँपिअरची जाडजूड बॅटरी घेण्याचे कारण नाही. दीड किंवा दोन अँपिअरच्या दोन बॅटऱ्या एका मोठ्या बॅटरीपेक्षा बऱ्या. एक बिघडली तर काम अडत नाही.

तागडी लावा

आता खोटी बॅटरी ओळखायची कशी? याला मोठे यंत्र लागत नाही, किराणा दुकानातला तराजू पुरतो.

या बॅटऱ्यांत बहुधा १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असा गोल सेल असतो, आपल्या टॉर्चच्या सेलसारखा दिसणारा. त्याचे वजन साधारण ४५ ग्रॅम. पाच सेलचे सव्वादोनशे ग्रॅम झाले, वर प्लास्टिकचे घर, पट्ट्या आणि आतले कार्ड. पाच सेलची भरीव बॅटरी साधारण साडेतीनशे ते चारशे ग्रॅम भरावी आणि दहा सेलची सहाशेच्या पुढे. अंगाने मोठी दिसणारी बॅटरी अडीचशे ग्रॅमच भरली, तर आत निम्मी पोकळी आहे असे खुशाल समजावे.

दुसरी खूण. या मापाचा अगदी उत्तमातला उत्तम सेलसुद्धा साडेतीन अँपिअर-अवरच्या आसपास थांबतो आणि स्वस्त मशीनमधला जोरकस सेल बहुधा दीड ते दोनचा असतो. मग पाच सेलच्या लहानशा बॅटरीवर सहा अँपिअर-अवर कसे लिहिता येईल? उसाच्या बैलगाडीत दहा टन भरले म्हणण्यासारखेच ते. काट्यावर आल्यावर कळतेच.

तिसरी खूण चार्जरची. चार्जरवर एक अँपिअर लिहिले असेल तर दीड अँपिअर-अवरची बॅटरी भरायला किमान दीड तास, व्यवहारात दोन तास लागणार. बॅटरीवर चार अँपिअर लिहिलेले आणि तासाभरात हिरवा दिवा लागला, तर ती चारची नाही. हिशेब साधा आहे, पाट किती वाहिला आणि टाकी किती भरली एवढाच. चार्जर स्वतः भरणे थांबवतो का हेही विचारावे. चांगल्या बॅटरीत एक लहान कार्ड असते, जे जास्त भरू देत नाही आणि पार रिकामी होऊ देत नाही. ते नसलेली बॅटरी स्वस्त मिळते आणि घर जाळते.

पेटीवर काय छापलेले असावे, हे कायद्याने ठरलेले आहे. २०११ च्या वेष्टन नियमांप्रमाणे बनवणाऱ्याचे किंवा आयात करणाऱ्याचे नाव व पत्ता, कोणत्या देशात बनले तो देश, कमाल किंमत, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क एवढे असलेच पाहिजे. बॅटरीवर भारतीय मानक १६०४६ चा उल्लेख आणि रोमन आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. मानक ब्यूरोचे 'बीआयएस केअर' नावाचे ॲप मोबाईलवर मिळते, त्यात तो क्रमांक टाकला की नोंदणी कुणाची आहे ते दिसते. कॉलेजात जाणारे पोर घरात असेल तर दोन मिनिटांचे काम. कंपनीचे नाव आपण आयुष्यात ऐकले नसले तरी हरकत नाही, पण आयात करणाऱ्याचा पत्ताच नसेल तर उद्या भांडायचे कुणाशी?

हाताने पाहण्याच्या गोष्टी

मशीन हातात घ्या आणि दुकानदाराला एक बीट चढवायला सांगा. चक दोन मापांत येतो, १० आणि १३ मिलिमीटर. लॅटरलच्या भोकाचे बीट पुष्कळदा १० मिलिमीटरपेक्षा मोठे असते. त्याचा दांडा बारीक असेल तर दहाच्या चकात बसते, नसेल तर नाही. तेव्हा ठिबकवाल्याकडचे बीट आणि ग्रोमेट खिशात घालूनच दुकानात जावे. कोणत्या ग्रोमेटला किती मापाचे भोक, हे ठिबक कंपनीच्या कागदावर असते. त्यात अंदाज चालत नाही, अर्ध्या मिलिमीटरने ग्रोमेट सैल होतो.

बीट चढवून हळू फिरवा आणि टोकाकडे पाहा. टोक एका जागी फिरायला हवे. ते गोल गोल हिंडत असेल तर चक वाकडा आहे, भोक अंडाकृती पडणार. मग खटका हळूहळू दाबा. वेग हळूहळू वाढला पाहिजे, एकदम झटका बसता कामा नये. खटका सोडला की चक तिथेच थांबला पाहिजे. पाच-सहा फेरे घेऊन थांबत असेल तर त्यात ब्रेक नाही.

वर दोन गिअरचे बटण असावे. एकवर वेग कमी आणि जोर जास्त, दोनवर उलट. पाईपची भोके आणि स्क्रू एकवर, लाकडातली व पत्र्यातली बारीक भोके दोनवर. गिअर मशीन थांबल्यावरच बदलायचा. पुढे चकाच्या मागे आकड्यांची कडी असते. ती जोर कुठे सुटावा हे ठरवते. स्क्रू आवळताना लहान आकड्यावर ठेवली की डोके झिजत नाही आणि मनगटाला हिसका बसत नाही. ही कडी खरी चालते का हे पाहण्यासाठी ती एकवर ठेवून एक स्क्रू लाकडात आवळावा. कडकड आवाज करून चक थांबला पाहिजे. काही मशीनमध्ये कडी नुसती शोभेला असते.

मोटरचे दोन प्रकार. कार्बनची आणि बिनकार्बनची, जिला ब्रशलेस म्हणतात. ब्रशलेस टिकाऊ, बॅटरी कमी खाणारी आणि महाग. स्वस्त मशीनवर ब्रशलेसची चिकटपट्टी असली तरी अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन हवेच्या फटीतून आत पाहावे. निळ्या ठिणग्या दिसल्या की आत कार्बन आहे. कार्बनची मोटर वाईट असते असे मुळीच नाही, आपल्या कामाला ती पुष्कळ झाली. पण ब्रशलेसचे पैसे देऊन कार्बन घरी आणू नये, एवढेच.

हॅमरचे चित्र असलेले मशीन विटेच्या भिंतीत काम करते. स्लॅबच्या काँक्रीटमध्ये करणार नाही, दुकानदार काहीही म्हणो. त्या कामाचे यंत्र वेगळे. तसेच खड्डे काढायचा मातीचा आगर या लहान मशीनला लावून नारळाचे खड्डे काढण्याचा प्रयोग आमच्या भागात दोघा-तिघांनी केला आहे. मुरमात आगर अडकला की मशीन उलटे फिरते आणि मनगट मुरगळते. गिअरचे दात जातात ते वेगळेच.

आता त्या १०८ नगांच्या पेटीविषयी. झाकण उघडल्यावर चकाकणारी बिटे, सॉकेट, खिळे, प्लास्टिकचे गुट्टे. घरची मंडळी खूश. पण त्यातली निम्मी बिटे मऊ पोलादाची असतात, पत्र्यात दोन भोके पाडली की बोथट. मी तर म्हणेन, रिकाम्या पेटीतले बरे मशीन आणि दोन बॅटऱ्या घ्या, आणि चार चांगली बिटे सुटी घ्या. ठिबकचे एक, तीन आणि पाच मिलिमीटरची लोखंडाची, आणि पत्र्याच्या स्क्रूसाठी आठ मिलिमीटरचे नटाचे टोक. शेडचा पत्रा बसवताना त्या शेवटच्या नगाची किंमत कळते.

भाव आणि हमी

भाव सतत हलतात, म्हणून पैशाचा आकडा ढोबळच सांगतो. लहान नावाचे बारा व्होल्टचे मशीन साधारण दोन हजारांच्या आसपास, अठरा किंवा एकवीस म्हणवणारे दोन बॅटऱ्यांसह तीन ते पाच हजारांत, आणि मोठ्या नावाचे तसेच त्याच्या दुप्पट किंवा अधिक. हजार रुपयांच्या खाली दोन बॅटऱ्यांसह काही मिळत असेल, तर ते खेळणे आहे.

बॉश, मकिता, डिवॉल्ट ही नावे मिस्त्री लोकांच्या तोंडी असतात. दिवसभर हेच काम करून पोट भरणाऱ्याने ती घ्यावीत, त्याचे पैसे फिटतात. वर्षात आठ-दहा दिवस मशीन वापरणाऱ्या शेतकऱ्याला तेवढे टिकाऊपण लागतच नाही. त्याला मधल्या फळीतले मशीन पुरते. त्या फळीत इन्को, टोटल, आयबेल, चेस्टन अशी नावे आपल्या बाजारात दिसतात. यांपैकी अमुकच घ्या असे मी सांगणार नाही, कारण एकाच नावाखाली चांगले आणि साधे अशी दोन्ही मॉडेल्स असतात. वरच्या कसोट्या त्या-त्या मशीनला लावाव्यात.

एक प्रश्न मात्र दुकानात पहिल्यांदा विचारा. सुटी बॅटरी मिळते का, आणि केवढ्याला? मशीन चार-पाच वर्षे चालते, बॅटरी त्याआधी थकते. प्रत्येक कंपनीची खाच वेगळी, एकाची बॅटरी दुसऱ्याला बसत नाही. सुटी बॅटरी मिळत नसेल तर दोन-तीन वर्षांनी अख्खे मशीन भंगारात. बऱ्याच लहान कंपन्या मकिताच्या अठरा व्होल्ट बॅटरीच्या खाचेसारखीच खाच ठेवतात. त्या घाटाची बॅटरी पुढेही मिळण्याची शक्यता जास्त, हा लहान नावाचा एक फायदाच समजा. मोटरचेही तसेच. स्वस्त मशीनमध्ये ५५० नंबरची म्हणून ओळखली जाणारी साधी डबी मोटर असते, ती सुटी मिळते आणि हाताला वळण असलेला कोणताही वायरमन ती बदलू शकतो.

बिल पक्के घ्या. या मालावर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणून "बिल नको असेल तर कमी करतो" हे वाक्य कानावर येणारच. कमी झालेल्या त्या पाच-सहाशे रुपयांत तुमची हमी विकली जाते. बिलावर मॉडेल, अनुक्रमांक आणि हमीची मुदत लिहून घ्या. बॅटरीची हमी मशीनपेक्षा कमी असते, तिची मुदत वेगळी विचारा. दाद मिळाली नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे जिल्हा आयोगाकडे जाता येते.

हे सगळे मी कागदावरचे सांगत नाही. आमच्या गटातल्या एका सभासदाने आडसाली लागणीच्या तोंडावर असेच एक मोठ्या आकड्याचे मशीन मागवले. पहिल्या दिवशी वीस-बावीस भोके झाली आणि बॅटरी बसली. दुसरी बॅटरी भरतच नव्हती. दुकानदार म्हणाला, मशीन दिल्लीला पाठवावे लागेल, महिना लागेल. रानात चर खणून सबमेन टाकलेली, सऱ्या पाडलेल्या, बेणे तोडून बांधावर आलेले. मी गेलो तेव्हा म्हातारे आबा चुलीवर सळई तापवत बसले होते.

"आबा, हे काय चाललंय?"

"भोकं पाडतोय साहेब. बेणं वाळायला लागलं. आमच्या काळी मशीन कुठं होतं?"

"आबा, सळईनं भोक वितळतं, गोल पडत नाही. ग्रोमेट धरणार नाही."

"मग बेणं टाकून देऊ म्हणता?"

त्यांचेही खरे होते. डोळे सुकत चाललेले बेणे आणि मजुरांचा रोज, दोन्ही दारात उभे. शेवटी शेजारच्या शिवारातून एकाचे साधे अठरा व्होल्टचे मशीन आणले, तेही फारसे नाव नसलेलेच, पण भरीव बॅटरीचे. दीड तासात राहिलेली सगळी भोके झाली. सळईने पाडलेली अकरा भोके होती. तेवढा पाईपचा तुकडा कापून नवा जोडला, कारण त्यातली आठ पाणी सोडताच गळू लागली. दोन्ही मशीन्स किमतीला जवळपास सारखीच होती, हे मुद्दाम सांगतो.

पाईपला भोक पाडताना

सबमेनवर आधी रंगाची दोरी मारून सरळ रेष घ्या आणि सरीच्या अंतराने खुणा करा. पाईप वळला की भोके तिरकी जातात आणि नळ्यांना पीळ बसतो. मशीन पहिल्या गिअरवर, पाईपला काटकोनात. जोर लावू नका, बीट आपोआप उतरू द्या. पीव्हीसीत बीट एकदम धरते आणि आत घुसते, मग समोरच्या भिंतीलाही चरा पडतो. त्यासाठी बिटावर जुन्या नळीचा तुकडा असा चढवा की टोक फक्त सेंटिमीटरभर बाहेर राहील. भोकाच्या कडेचा किस चाकूने हलकेच काढा. सर्वांत महत्त्वाचे, आत पडलेला किस. तो तसाच राहिला तर सरळ ड्रिपरमध्ये जाऊन बसतो आणि आपण खताला आणि पाण्याला दोष देत राहतो. लॅटरल जोडण्याआधी सबमेनचे टोक उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडावे.

बॅटरीचे लाड म्हटले ते असे. उन्हाळ्यात ट्रॅक्टरच्या हत्यारपेटीत ती ठेवू नका, लिथियमला उष्णता सोसत नाही. काम करून गरम झालेली बॅटरी लगेच चार्जरला लावू नका, अर्धा तास सावलीत थंड होऊ द्या. मशीन मंदावले की थांबा, शेवटचा थेंब पिळू नका. लागण झाल्यावर सहा महिने पडून राहणार असेल तर निम्मी भरून, मशीनपासून काढून, माजघरात थंड जागी ठेवा. दोन-तीन महिन्यांनी एकदा पाहा.

भरताना डोळ्यांसमोर भरा. गोठ्यात वैरणीशेजारी, शेडमध्ये पाचटाच्या ढिगावर किंवा डिझेलच्या कॅनजवळ चार्जर लावून रात्री झोपायला जाऊ नका. फरशीवर किंवा पाट्यावर ठेवा. बॅटरी फुगली, वितळल्याचा वास आला किंवा हात लावता येणार नाही इतकी तापली, तर आधी भिंतीवरचे बटण बंद करा आणि ती पुन्हा कधीही भरू नका. पेट घेतलाच तर प्लग बंद असल्याची खात्री करून लांबून भरपूर पाणी मारा. धूर विषारी असतो, पोरांना लांब ठेवा.

काही सभासदांनी विचारले की चौघांत मिळून एक घ्यावे का? जरूर घ्यावे. एकेकाच्या वाट्याला हजार-बाराशे येतात आणि चौघांच्या लागणी एकाच दिवशी नसतात. फक्त बिल एकाच्या नावावर आणि बॅटऱ्या एकाच घरी राहू द्या. मशीन याच्याकडे, एक बॅटरी त्याच्याकडे आणि चार्जर तिसऱ्याच्या सासुरवाडीला, असे झाले की चौघांनाही सळई तापवावी लागते.

मेलेली बॅटरी उकिरड्यावर किंवा विहिरीत टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुनी बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी ती बनवणाऱ्या व आणणाऱ्यांवर आहे, म्हणून नवी घेताना जुनी दुकानात नेऊन द्यावी. नेण्याआधी तिच्या पितळी टोकांवर वायरमनची काळी टेप चिकटवावी.